संपणे आणि गळणे

दिवाळी अंकासाठी संपादकांचे पत्र येते, तेव्हा त्यात एक वाक्य ठरलेले असते : 'यंदा काहीतरी हलकेफुलके येऊ द्या.' वर्षभर या सदरातून मी शेजारी, परीक्षा, पाहुणे आणि ऱ्हस्वदीर्घ यांच्यावर लिहीत असतो. ते सारे त्यांना जड वाटत असावे. म्हणून यंदा मी वाऱ्यावरच लिहायचे ठरवले आहे. वाऱ्याहून हलके काय असणार? मात्र हा वारा मला यंदा ७,१०० रुपयांना पडला आणि त्यापायी आमच्या आईचा एक दिवस जिवावरून गेला, एवढे आधीच सांगून ठेवतो.

आमच्याकडे एक लहानशी पांढरी मोटार आहे. वय वर्षे आठ. मराठीच्या प्राध्यापकाने मोटार बाळगावी की नाही, यावर आमच्या स्टाफरूममध्ये पूर्वी बराच ऊहापोह झाला आहे. पण आईच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाल्यापासून ती चैन राहिली नाही, गरज झाली. डॉक्टरांनी बजावले होते, "आजींना उन्हात काढायचं नाही. न्यायचंच झालं तर एसी गाडीतून." त्या दिवसापासून आमच्या घरात एसीला औषधाच्या बाटलीचा मान मिळाला. वर्गात मी त्याला 'वातानुकूलन यंत्रणा' म्हणतो. उकडायला लागले की मीसुद्धा 'एसी लाव' असेच म्हणतो. तेवढा लांब शब्द उच्चारण्याइतका दम त्या वेळी उरलेला नसतो.

यंदाच्या चैत्रात गाडीतला वारा कोमट येऊ लागला. ज्या कंपनीची गाडी, तिच्याच अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये मी ती घेऊन गेलो. आपल्यापैकी बरेच जण अशा ठिकाणी गेले असतील. दर्शनी भागात काचेची खोली, मऊ कोच, कॉफीचे यंत्र, भिंतीवर दूरदर्शनसंच. गिऱ्हाइकाला तिथे इतके गार करून ठेवतात की आपली गाडी तापली आहे याचाच त्याला विसर पडावा. काचेपलीकडे खरी कर्मशाळा. दारावर पाटी : 'ग्राहकांना आत प्रवेश नाही.' गळ्यात टाय आणि हातात टॅब्लेट असलेला एक अदबशीर मुलगा पुढे आला.

"काय प्रॉब्लेम आहे, सर?"

"एसी नीट गार करत नाही. जरा गॅस बघा."

हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे. मी ठेवले नाही, आणि तिथेच सारे चुकले.

तासाभराने मुलगा परतला. "सर, गॅस संपला होता. भरून दिलाय." बिल २,६०० रुपये. घरी येताना गाडीत महाबळेश्वर अवतरले होते.

वैशाखात बार्शीला जायचे निघाले. आईची थोरली बहीण तिथे असते. वय ८४, दृष्टी गेलेली. या दोघी बहिणींची तीन वर्षांत गाठ नव्हती. "आता कोण आधी जाईल सांगता येत नाही," असे आई ज्या सहजपणाने म्हणते, त्याने आपल्या पोटात गोळा येतो. खरे म्हणजे पहाटे निघायचे; पण माझे पेपर तपासणीचे काम आटपेपर्यंत अकरा वाजले. मी म्हटले, "असू दे, एसी आहे ना!" माणूस यंत्रावर विसंबला की त्याची अक्कल अशी रजेवर जाते.

भिगवण मागे पडले आणि वारा कोमट झाला. मी कळ एकदा बंद करून पुन्हा चालू केली. इंदापूर जवळ आले तोवर गाडीत चुलीपुढे बसल्यासारखे वाटू लागले. काचा उघडल्या तर बाहेरची झळ आत. आई वाटभर बोलत असते. हे कुणाचे शेत, तो कुणाचा वाडा, पूर्वी कुर्डुवाडीहून बार्शीला छोटी आगगाडी कशी जायची. ती आई गप्प झाली. सौभाग्यवतीने मागे वळून तिचा हात हातात घेतला आणि मला एवढेच म्हणाली, "गाडी थांबवा."

एका हॉटेलच्या मागे लिंबाची सावली होती. तिथे बाजेवर आईला निजवले. ओल्या पंचाने मान, हात पुसले, लिंबूसरबत चमच्याचमच्याने पाजले. हॉटेलवाल्याने आपणहून फोन करून गावातल्या डॉक्टरांना बोलावले. ते म्हणाले, "वेळेत थांबलात. आता पुढं जाऊ नका. ऊन उतरलं की परत फिरा." रात्री आम्ही परत फिरलो. आई मागच्या सीटवर डोळे मिटून पडली होती. हडपसर आले तेव्हा ती पहिल्यांदा बोलली, "ताई वाट बघत बसली असेल. फोन केलास का रे?"

दुसऱ्या दिवशी मी सर्व्हिस सेंटरमध्ये तावातावाने गेलो. पण समोरचा इतका नम्र असला की आपला ताव टिकत नाही. "सॉरी सर. गॅस परत संपलाय. भरून देतो." पुन्हा २,६००. आषाढात तिसऱ्यांदा तेच. या वेळी मुलाचा चेहरा गंभीर होता. "सर, कूलिंग कॉइल बदलावी लागेल. डॅशबोर्ड उतरवून करावं लागतं. अंदाजे ३४ हजार होतील."

आमच्या सौभाग्यवती बँकेत आहेत. त्यांनी दोन्ही बिले जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी मांडली आणि चष्मा वर करून विचारले, "अहो, हा गॅस जळतो का?"

"छे! हा स्वयंपाकाचा गॅस नव्हे."

"मग तो जातो कुठे?"

या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. दुसऱ्या दिवशी मी तो प्रश्न स्टाफरूममधल्या पदार्थविज्ञानाच्या सहकाऱ्यांपुढे ठेवला. चहाचा कप मध्ये ठेवून त्यांनी जे सांगितले, ते माझ्या भाषेत असे. माठातले पाणी गार का होते? बाहेर पाझरलेले पाणी वाफ होऊन उडताना आतली उष्णता घेऊन जाते म्हणून. मोटारीतही तेच. डॅशबोर्डाच्या मागे एक जाळी असते, तीच कूलिंग कॉइल. तिच्यात एक द्रव उकळून वायू होतो आणि गाडीतल्या हवेची उष्णता शोषून घेतो. उकळतो म्हणजे तापतो, असे आपल्या मनात असते. पण आजच्या अनेक गाड्यांत असलेला आर-१३४ए हा पदार्थ साध्या हवेच्या दाबाखाली उणे २६ अंशांनाच उकळतो. मग इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर त्या वायूला दाबतो, गाडीच्या तोंडाशी असलेल्या कंडेन्सरमध्ये तो आपली उष्णता बाहेर टाकून पुन्हा द्रव होतो आणि एका अरुंद झडपेतून परत जाळीकडे येतो. म्हणजे हे रहाटगाडगे आहे. रहाट पाणी उपसतो, हे उष्णता उपसते. रहाटाची गाडगी खर्च होत नसतात. एखादे कमी झाले, तर ते फुटले आहे असेच समजायचे.

"वर्षानुवर्षांत रबरी नळ्यांतून अगदी थोडा पाझरतो," सहकारी म्हणाले, "पण दोन-तीन महिन्यांत सगळा गेला, तर कुठंतरी भोक आहे. तुमचा गॅस संपला नाही, गळला."

आणि मी चमकलो. पंचवीस वर्षे क्रियापदे शिकवून मला ही गोष्ट मोटारीने शिकवावी! 'संपणे' हे क्रियापद मोठे निष्पाप आहे. साखर संपते, सुट्टी संपते, पगार संपतो. त्यात कुणाचा दोष नाही, कुणी काही शोधायचे नाही. पुन्हा आणून भरले की झाले. 'गळणे' तसे नाही. गळते म्हटले की 'कुठे?' हा प्रश्न आलाच, आणि प्रश्न आला की कुणाला तरी बॅटरी घेऊन वाकून बघावे लागते. त्या मुलाने दोनदा 'संपला' म्हटले आणि मी, मराठीचा एम. ए., दोनदा मान डोलावून पैसे मोजून आलो.

सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मनाला लागली. पूर्वी मोटारींत आर-१२ नावाचा गॅस असे. तो ओझोनच्या थराला भोक पाडतो असे दिसल्यावर १९८७ च्या माँट्रिऑल कराराने त्याची रवानगी सुरू झाली आणि त्याच्या जागी आर-१३४ए आला. हा ओझोनला हात लावत नाही. पण पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून अधिक जोरकस आहे. माझ्या गाडीत तो अर्ध्या किलोहूनही कमी मावतो. पण तेवढ्याचाच ताप अर्धा टन कार्बन डायऑक्साइडच्या आसपास. म्हणजे दोन खेपेला भरलेला गॅस मी इंदापूरच्या आणि पुण्याच्या आकाशात सोडून दिला होता. गाडी गार करायची म्हणून वैशाख तापवायचा, असा हा व्यवहार.

या विद्येचा जन्म कशातून झाला, हे वाचून मात्र करमणूक झाली. १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगे आणि रंगावर रंग नेमका बसेना. त्यावर तोड म्हणून विलिस कॅरियर नावाच्या पंचविशीतल्या इंजिनिअराने हवेतला दमटपणा काढणारी यंत्रणा आखली. म्हणजे आधुनिक वातानुकूलनाची सुरुवात माणसांसाठी नव्हे, रंगीत छपाईसाठी झाली! या अंकाच्या मुखपृष्ठावरची रांगोळी जिथल्या तिथे बसली असेल, तर त्यात त्याचाही वाटा आहे. मोटारीत ही सोय कारखान्यातूनच बसवून देण्याची सुरुवात अमेरिकेतल्या पॅकार्ड कंपनीने १९३९ मध्ये केली. तेव्हा निम्मी डिकी यंत्राने व्यापलेली असे, आणि कॉम्प्रेसर बंद करायचा तर गाडी थांबवून, बॉनेट उघडून पट्टा काढावा लागे. त्या मानाने आपण सुखी आहोत. आपला बंद व्हायचा तेव्हा आपण होऊनच होतो.

आमचे शेजारी निवृत्त कारकून आहेत आणि कायदा त्यांच्या जिभेवर असतो. ते म्हणाले, "सोडू नका. ग्राहक आयोगात जा. १९८६ चा कायदा होताच, आता २०१९ चा आहे. या पुण्यातच १९७४ साली बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली, आणि तुम्ही पुणेकर असून गप्प बसता?" मुद्दा बरोबर होता. पण भांडणाआधी विचारणे करावे, असे मला वाटले. मी वर्कशॉपच्या मॅनेजरना एक साधे पत्र लिहिले. गाडीचा क्रमांक, दोन्ही बिलांच्या तारखा, दोन्ही वेळी भरलेल्या गॅसचे वजन. आणि शेवटी तीन प्रश्न : गॅस कुठून गळतो ते शोधले का? कशाने शोधले? कॉइलच गळते, हे मला दाखवता येईल का? पत्रात एकही विशेषण घातले नाही. माझ्या लेखनातला तो एकमेव निर्दोष मजकूर असावा.

दोन दिवसांनी बोलावणे आले आणि त्या पाटीखालून मला आत नेण्यात आले. तिथे पन्नाशीच्या घरातले एक मिस्त्री उभे होते. जुन्या काळी आयटीआय केलेले, बोटे तेलाने काळवंडलेली. त्यांनी दोन्ही जॉबकार्डे माझ्यापुढे धरली. दोन्हींवर इंग्रजीत एकच ओळ होती : 'गिऱ्हाइकाची तक्रार : गॅस भरणे.'

"साहेब, आमच्यापर्यंत कागद येतो, माणूस येत नाही," ते म्हणाले. "कागदावर 'गॅस भरा' असलं की आम्ही गॅस भरतो. 'गळती शोधा' असं कुणी लिहिलंच नव्हतं."

"पण मी तर सांगितलं होतं की..." मी बोलू लागलो आणि थांबलो. मी काय सांगितले होते? 'जरा गॅस बघा.' निदान मीच करून दिले होते. त्या मुलाने ते इमानाने उतरून घेतले. डॉक्टरांकडे जाऊन 'पोटात दुखतंय' म्हणायच्या ऐवजी 'अमकी गोळी द्या' म्हणावे, तसे.

"मग काय सांगायला हवं होतं?"

"काय होतंय ते. केव्हा होतंय, कसं होतंय. चालत्या गाडीत गार येतं आणि सिग्नलला गरम येतं, तर आम्ही पुढचा पंखा बघतो. वारा गार आहे पण जोर नाही, तर आधी फिल्टर बघतो, तो धुळीनं चोंदलेला असतो. भरल्यावर महिना-दोन महिने उत्तम आणि मग हळूहळू कोमट, तर गळती. निम्मा आजार बोलण्यातच कळतो, साहेब."

केव्हा, कुठे, कसे. कालवाचक, स्थलवाचक, रीतिवाचक! क्रियाविशेषण अव्ययांचे प्रकार मी दरसाल फळ्यावर लिहितो. त्यांचा उपयोग काय, असे एका मुलीने एकदा विचारले होते, तेव्हा मी तिला 'परीक्षेत चार गुण' असे उत्तर दिले होते. तिला आता गाठून खरे उत्तर द्यायला हवे.

मिस्त्रींनी माझ्यासमोर यंत्रणेत दाबाखाली नायट्रोजन भरला आणि सांध्यासांध्यावर साबणाचा फेस लावत गेले. कॉइलच्या निचऱ्याच्या नळीशी गळती शोधण्याचे यंत्र धरले. ते गप्प राहिले. बॉनेटखाली जिथे दोन नळ्या एकत्र येतात, तिथे मात्र फेसाला एक बारीक फुगा आला, फुटला, पुन्हा आला. लहान मुले साबणाचे फुगे उडवतात, तसा. मिस्त्रींनी सांधा सोडवला आणि आतली रबराची कडी माझ्या तळहातावर ठेवली. करंगळीत जेमतेम जाईल एवढी. उन्हाने आणि वयाने कडक झालेली, एका जागी चीर गेलेली.

"हिनं आजींना त्रास दिला," ते म्हणाले. पत्र त्यांनीही वाचले होते तर!

नवी कडी बसली. पंपाने आतली सारी हवा अर्धा तास ओढून घेतली. मग पंप बंद करून आम्ही दोघे काट्याकडे बघत उभे राहिलो. काटा हलला नाही. त्यानंतरच मोजून गॅस आणि त्याच्याबरोबर जाणारे तेल भरले. मॅनेजरनी मजुरी सोडून दिली; कडी, तेल आणि गॅस मिळून १,९०० रुपये झाले. चौतीस हजारांची जाळी जिथल्या तिथे आहे आणि उत्तम गार करते आहे. टायवाल्या मुलावर मी रागावलो नाही. त्याला दिवसाकाठी किती गाड्या वेळेवर बाहेर काढल्या याचा हिशेब द्यायचा असतो. किती गळत्या सापडल्या, हे त्याला कुणी विचारीत नाही. जाताना त्याला एवढेच सांगितले, "बाळ, गिऱ्हाईक काय म्हणतं ते लिही, पण त्याला काय हवंय तेही विचार."

हे सांगताना मात्र माझी जीभ जरा अडखळली. त्याच आठवड्यात माझ्या टेबलावर प्रगतिपत्रकांचा गठ्ठा होता. एका मुलाच्या कागदावर गेल्या दोन्ही सत्रांत माझ्याच अक्षरात एकच शेरा होता : 'अभ्यास कमी पडला.' कमी पडला म्हणजे काय? संपला? दोन्ही वेळा मी त्याला दोन-तीन गुण वरून घालून पुढे ढकलले होते. म्हणजे गॅस भरला होता. या खेपेला त्याला बोलावून केव्हा, कुठे, कसे, असे विचारले. पहाटे चारला उठून तो दुधाची गाडी हिंडवतो आणि माझा सकाळचा पहिला तास झोपेत घालवतो, हे मला दीड वर्षाने कळले. चीर एवढीशीच होती. त्याला आता मी दुपारी शिकवतो. शेरा खोडून काय लिहावे, ते अजून ठरलेले नाही.

भाद्रपदात आम्ही पुन्हा बार्शीला निघालो. या खेपेला पहाटे पाच वाजता, पाण्याच्या दोन बाटल्या आणि ओला पंचा बरोबर घेऊन. यंत्र दुरुस्त झाले म्हणून अक्कल पुन्हा रजेवर पाठवायची नाही, असे सौभाग्यवतींनी बजावले होते. इंदापुरात त्या हॉटेलवाल्याकडे थांबून चहा घेतला. त्याने आईला ओळखले आणि पैसे घेतले नाहीत. पुढे टेंभुर्णी, कुर्डुवाडी. ऊन चढत गेले, काचेबाहेर सारे पांढरेफेक दिसू लागले, आणि आई आत बसून त्या छोट्या आगगाडीची गोष्ट पहिल्यापासून सांगत होती. आज ती पुरी झाली.

मावशी ओट्यावर बसून होती. आवाजावरून तिने ओळखले आणि दोन्ही हात पुढे केले. आईने आपले हात त्यांत दिले. मावशी ते बराच वेळ चाचपत राहिली. मग घाबऱ्या आवाजात म्हणाली, "अगं, हात असे गारढोण का तुझे? बरी आहेस ना?"

आई हसली. डोळ्यांना पदर लावीत म्हणाली, "बरी आहे गं ताई. लेकाच्या गाडीतला गारवा आहे तो. आता गळत नाही."